स्टिअरिंग जड झालं होतं

उधना, सुरत
१७ नोव्हेंबर १९९६

ती. नाना यांस,

निंबाचा नमस्कार. इकडे आम्ही तिघं बरे आहोत, तिकडे तू आणि वहिनी बरे असाल असं धरून पुढचं लिहितो.

दिवाळीला आलो नाही म्हणून वहिनी रागावल्या असतील. त्यांना सांग, निंबा एका लाल गाडीच्या पोटाखाली पडलाय. कुसुमही याच कारणाने माझ्याशी धड बोलत नाही. लक्ष्मीपूजनाला तिने मला रॉकेलने हात धुवायला लावले, आणि तरी प्रसादाचं ताट माझ्या हातात काही दिलं नाही. पल्लवी मात्र खूश आहे. रोज शाळेतून येताना दप्तर खांद्यावर ठेवूनच गाडीत जाऊन बसते.

गाडी धनसुखभाई जरीवाला यांची. त्यांचे काका नैरोबीला दुकान चालवायचे. अडुसष्ट साली ते सगळं आवरून सुरतेला परत आले तेव्हा आगबोटीतून ही गाडी घेऊन आले. ट्रायम्फ कंपनीची आहे. दोनच माणसं बसतात, वर टप नाही, जमिनीला इतकी लागून की आत बसलं तर हात खाली सोडून रस्त्यावरचा खडा उचलता येईल. काकांनी बारा वर्षं हौसेने चालवली आणि ऐंशी साली कतारगामच्या शेडमध्ये लावली ती लावलीच. आता काका नाहीत. धनसुखभाईंच्या मनात आलंय की मुलीच्या लग्नाची पहिली पत्रिका याच गाडीतून देवाला न्यायची. इंजिन दुसरा मिस्त्री करतोय. पुढची चाकं आणि स्टिअरिंग माझ्याकडे.

तिचं बॉनेट पुढच्या मडगार्डांसकट समोर उलटतं. मगरीने तोंड उघडावं तसं. अगदी तू चालवायचास त्या डॉक्टरसाहेबांच्या हेराल्डसारखं.

हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं गेलं. खोडलं तर तू उजेडात धरून वाचशील, म्हणून तसंच ठेवतो.

बॉनेट उघडलं आणि मी दोन मिनिटं नुसता बघत उभा राहिलो. धनसुखभाईंना वाटलं, याला काही जमणार नाही. म्हणाले, "निंबाभाई, नहीं थाय तो ना पाडी दो, मने खोटुं नहीं लागे." म्हणजे, जमत नसेल तर नाही म्हणा, मला वाईट वाटणार नाही. त्यांना म्हटलं, शेठ, खालचा सगळा सांगाडा हेराल्डचाच आहे, हा मी झोपेत सुद्धा करीन.

नाना, तुला हे समजावून सांगायला नको. पुढचं चाक ज्या उभ्या दांड्यावर वळतं, त्याच्या खालच्या टोकाला आटे असतात आणि ते आटे पितळेच्या ठोकळ्यात फिरतात. किसन मिस्त्रींच्या गॅरेजात मी शिकत होतो तेव्हा तू कितीदा त्या चाकाशेजारी उकिडवा बसून चहा प्यायला आहेस. तर परवा मी डाव्या चाकाचं पितळ सोडवायला घेतलं. पाना अर्धा फेरा सुद्धा फिरला नसेल, वरचा दांडा माझ्या हातात आला आणि आट्यांचं टोक पितळातच राहिलं. आत तपकिरी झालेलं, जुन्या गुळासारखं कडक ग्रीस.

त्या जागी गिअरचं जाड ऑइल लागतं. ऑइल वाहत वाहत शेवटच्या आट्यापर्यंत जातं. ग्रीस जात नाही. ते तोंडाशीच अडकून बसतं आणि आत लोखंड पितळाला कोरडं घासत राहतं. कुणीतरी तिथे ग्रीस भरलं होतं. नैरोबीत की इथे, ते आता कुणाला विचारणार? अशी चूक आमच्यातलाच माणूस करतो. ग्रीस भरायची निप्पल दिसली की हात आपसूक ग्रीसगनकडे जातो.

बरं, ते राहू दे. वहिनींचा गुडघा कसा आहे? जिनिंग मिलवर तुला आता थंडीचा कोट तरी देतात की नाही? पत्राचं उत्तर पाठव.

तुझा
निंबा

•

उधना, सुरत
१० डिसेंबर १९९६

ती. नाना यांस,

नमस्कार. तुझं कार्ड मिळालं. एवढ्याशा कार्डावर वहिनींच्या गुडघ्याला तू एक ओळ दिलीस आणि गाडीला सात. वहिनींनी वाचलं असतं तर माझी काही धडगत नव्हती.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. रंग लाल, पण उन्हाने विटून जुन्या विटेसारखा झालाय. हॉर्न वाजतो, पण त्याचा आवाज सर्दी झाल्यासारखा येतो. टायर तेरा इंचांचे. गिअर जमिनीवर, चार पुढे, एक मागे. आणि हो, सीट इतकी खाली आहे की तुझे पाय लांबवर पसरावे लागतील. तुझी उंची तिथे कामी येणार नाही.

सामानाची फार वणवण झाली. मुंबईला कळवलं, तिथून काही आलं नाही. शेवटी कडोदऱ्याला एका भंगारवाल्याच्या आवारात मागच्या कोपऱ्यात एक हेराल्ड सापडली. तिच्यात कोंबड्या राहत होत्या. मागच्या सीटवर एक अंडी उबवत बसली होती, तिला न उठवता मी पुढचे दोन्ही दांडे, पितळ आणि खालचे आर्म सोडवून आणले. डावा दांडा दोनदा तपासून घेतला. त्याचे आटे उलटे असतात, आणि घाईत माणूस दोन्ही उजवेच उचलून आणतो. दांडे वापरलेले आहेत, म्हणून रॉकेलमध्ये धुऊन, खडू फासून बारीक तडा कुठे उमटतोय का ते पाहिलं. कुठे नाही. रबराचे बुश कुजले होते, त्यांच्यासाठी सचिन गावातल्या लखनने लेथवर नवे साचे करून दिले. तो नंदुरबारचा, आपल्या बोलीत बोलतो, त्यामुळे काम आठ दिवस उशिरा दिलं तरी राग येत नाही.

स्टिअरिंगचं रॅक उघडून साफ केलं. टायरॉडचे सांधे नवे टाकले. चाकं सरळ करायला मशीन कुठलं? बाजूच्या लूमवरून पॉलिस्टरचा धागा आणला, मागच्या चाकांपासून पुढे ताणून बांधला आणि पुढची चाकं त्याला मिळवली. लूमवाले हसत होते. म्हणाले, साडीच्या धाग्यावर गाडी चालवणारा पहिलाच पाहिला.

सुरत आता ओळखू येणार नाही इतकी झाडूनपुसून निघालीय. सकाळी सकाळी झाडूवाल्यांची फौज. दोन वर्षांपूर्वीची ती सुरत आठवली की अंगावर काटा येतो. प्लेगच्या भीतीने आम्ही तिघं भुसावळ गाडीला लोंबकळत अमळनेरला आलो, आणि आपल्या गल्लीने फटाफट दारं लावून घेतली. तू एकट्याने उघडलं. वहिनींना म्हणालास, "भाऊ शे तो मना, पाहुना नई." वीस दिवस ठेवून घेतलंस. त्या वीस दिवसांत तुझ्याशी एक बोलायचं होतं. रोज सकाळी तू जिनिंगवरून रात्रपाळी करून यायचास, आंघोळ करायचास, आणि मी ठरवायचो की आता बोलायचं. मग तू अंथरुणावर पडायचास आणि मला वाटायचं, झोपू दे बिचाऱ्याला.

तू कार्डाच्या कडेला, पत्त्याच्या शेजारी, बारीक अक्षरात आणखी एक विचारलं आहेस. "काकांनी गाडी लावून ठेवली तेव्हा तिचं स्टिअरिंग जड झालं होतं का?" जुन्या गाडीचं काय, सगळंच जड असतं.

कुसुमने तिळाची चटणी केली आहे, येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर पाठवतो. आता इथे पोंक सुरू झालाय. हिरव्या ज्वारीचा हुरडाच तो, पण हे लोक त्यावर शेव आणि साखरेच्या गोळ्या टाकून खातात. तू पाहिलंस तर उठून जाशील.

तुझा
निंबा

•

उधना, सुरत
६ जानेवारी १९९७

नाना,

यावेळी नमस्कार आधी लिहीत नाही. शेवटी तुला घ्यावासा वाटला तर घे.

तुझं दुसरं कार्ड आठ दिवसांपासून माझ्या शर्टाच्या खिशात आहे. तू लिहिलं आहेस, "सहज विचारलं होतं. त्या वेळेस हेराल्डचं पण स्टिअरिंग जड झालं होतं, म्हणून आठवलं. पण तू म्हणाला होतास की माझे हात थकलेत. तू मिस्त्री, तुला जास्त कळतं. तेच खरं असणार."

मागच्या पत्रात मी लबाडी केली. धनसुखभाईंना मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. काकांच्या हातात स्टिअरिंग महिनाभर जड होत गेलं होतं. काकांना वाटलं, गाडीला काही नाही, आपलेच हात म्हातारे झाले. म्हणून त्यांनी ती लावून टाकली. त्या गैरसमजाने त्यांचा जीव वाचला. आणखी चार दिवस चालवली असती तर दांडा तुटून चाक आत मुडपलं असतं.

आता डॉक्टरसाहेबांच्या हेराल्डचं लिहितो. तुला यातलं अर्धं माहीत आहे, पण मला ते पहिल्यापासून एका दमात लिहू दे.

अठ्ठ्याहत्तर साल. डॉक्टरसाहेबांनी नवी शहाबादी फरशी घातली होती आणि गाडी उभी राहिली की तिच्यावर ऑइलचे थेंब पडायचे. किसन मिस्त्री दर महिन्याला त्या पितळात ऑइल भरायचे आणि ते थोडं गळायचंच. डॉक्टरसाहेब दोनदा बोलले. त्या महिन्यात मिस्त्री लेकीकडे शिरपूरला गेले होते आणि गाडी माझ्या हाती आली. मी बावीस वर्षांचा, मला वाटायचं मला सगळं कळतं. मी दोन्ही पितळांत ग्रीस ठासून भरलं. पंधरा दिवसांनी डॉक्टरसाहेब मुद्दाम गॅरेजात येऊन म्हणाले, निंबा, फरशी कोरडी आहे. मी आठ दिवस त्या वाक्यावर छाती काढून फिरलो.

मग तू आलास. चहा घेता घेता म्हणालास, "निंबा, स्टिअरिंग जड व्हयेल शे रे." मी चाक उचलून पाहिलं सुद्धा नाही. म्हणालो, "तुना हात थकनात, नाना. दोन दिन आराम कर." आणि तुझ्या समाधानासाठी आणखी दोन पंप ग्रीस मारलं.

चौथ्या दिवशी तू डॉक्टरसाहेबांच्या बायकोला, माईंना, पारोळ्याहून घेऊन येत होतास. दुपारचे चार. डावं चाक मुडपलं, गाडी रस्ता सोडून बाभळीवर गेली. तुझं डोकं फुटलं, आणि माईंचं कमरेचं हाड मोडलं ते कधी जुळलंच नाही.

मी सायकल मारत तिथे गेलो तेव्हा तुम्हाला दवाखान्यात हलवलं होतं. गाडीजवळ कुणी नव्हतं. दांडा खाली तुटलेला होता. नाना, झाडावर आपटून लोखंड तुटलं तर तुटलेली जागा सगळीच्या सगळी ताजी, चकचकीत दिसते. ती अर्ध्याहून जास्त काळी, गंजलेली होती. म्हणजे तडा आधीपासून होता. आपटल्यामुळे दांडा तुटला नाही, दांडा तुटल्यामुळे गाडी आपटली. आणि पितळात ग्रीस होतं. हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. मला कळलं नव्हतं असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगत आलो, पण कळलं होतं. ते टोक मी पितळातून काढलं आणि येताना बोरी नदीत टाकलं.

शिरपूरहून मिस्त्री धावत आले. मला बाजूला घेऊन विचारलं, "ऑइलच टाकेल व्हतं ना रे?" मी हो म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मरेपर्यंत विचारलं नाही, पण त्या दिवसापासून पितळाचं काम मला दिलं नाही. मी सुरतेला का पळालो, हे तू बऱ्याचदा विचारलंस. लूमवर जास्त पगार मिळतो म्हणून नाही.

आता जे लिहितोय त्यासाठी आठ दिवस लागले.

दवाखान्यात तू शुद्धीवर आलास. मला जवळ बोलावलंस आणि म्हणालास, काय झालं रे, स्टिअरिंग फिरलंच नाही. तुला खरं तेच आठवत होतं. आदल्या रात्री तू मामांकडच्या लग्नात जागला होतास हे मला ठाऊक होतं. मी तुझा हात धरला आणि म्हणालो, "नाना, तुना डोया लागी गया व्हई."

तुझा डोळा लागला, हे पहिल्यांदा मी म्हणालो. पोलीस नाही, डॉक्टरसाहेब नाहीत, गाव नाही. मी. तू वर पंख्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "व्हई." मग तेच तू पोलिसांना सांगितलंस आणि तेच माईंना, त्यांच्या पायाशी बसून. मी मिस्त्री होतो, तुझा भाऊ होतो, म्हणून तू स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझ्या शब्दावर विश्वास ठेवलास.

त्यानंतर तू कुठल्याच गाडीच्या स्टिअरिंगला हात लावला नाहीस. माई होत्या तोवर, नऊ वर्षं, दर रविवारी जाऊन त्यांची खुर्ची उन्हात उचलून ठेवत राहिलास. जिनिंगवर दिवसाची नोकरी मिळत असताना रात्रीची मागून घेतलीस. वहिनी रडल्या तेव्हा तू त्यांना म्हणालास, "ज्याना डोया लागस, त्यानी जागं ऱ्हावानी नोकरी कराले जोयजे." मी तेव्हा दारातच उभा होतो. मला तिथेच सांगता आलं असतं. मला भीती वाटली. आधी पोलिसांची, मग डॉक्टरसाहेबांची, मग तुझी. गेली कितीतरी वर्षं फक्त तुझीच. तू मारशील याची नाही. तू माफ करशील आणि मला ते सहन होणार नाही याची.

गाडी काल पूर्ण झाली. ऑइल मी माझ्या हाताने भरलं, वरून बाहेर येईपर्यंत. धनसुखभाईंना सांगितलं की तुमच्या फरशीवर थेंब पडतील, पडू द्या, पडायचे थांबले तर गाडी माझ्याकडे आणा. मग मी ती डुमसच्या रस्त्याला नेली. स्टिअरिंग दोन बोटांनी फिरतं, आणि सोडलं की आपोआप सरळ येतं. परत येताना मी गाडी बाजूला घेतली आणि फार रडलो. एवढं सोपं काम होतं ते, नाना. महिन्याला चार चमचे ऑइल.

शनिवारी सकाळच्या भुसावळ गाडीने येतोय. एकटा. पत्र माझ्याआधी दोन दिवस पोचेल असं बघतो, म्हणजे दार उघडायचं की नाही हे ठरवायला तुला वेळ मिळेल. प्लेगच्या वेळी तू विचार न करता उघडलंस. या वेळी विचार कर. स्टेशनवरून मी आधी डॉक्टरसाहेबांकडे जाणार आहे. आता त्यांना ऐकू कमी येतं म्हणतात, मी मोठ्याने सांगेन, शेजारपाजाऱ्यांनी ऐकलं तरी चालेल. माईंना सांगायचं राहिलं ते राहिलंच. त्यानंतर जिनिंगच्या मॅनेजरला रात्रपाळीबद्दल जे सांगायचं ते तू सांग किंवा मी सांगेन. हेराल्डचा तुकडा नदीत गेला, पण या गाडीचा जपून ठेवलाय. तो आणतो. तुटलेल्या जागेवरून अंगठा फिरवून बघ, जुना तडा कुठे संपतो आणि नवा कुठे सुरू होतो ते हाताला कळतं.

आणखी एकच. मागच्या आखाजीच्या सणाला आलो होतो तेव्हा अंगणात बाजेवर बसून तू म्हणाला होतास, "अठरा वर्षं झाली, आठवायचा प्रयत्न करतो, पण डोळा कधी लागला ते काही केल्या आठवत नाही. रस्ता आठवतो, बाभूळ आठवते, तिच्या शेंड्यावर कावळा बसला होता, तो सुद्धा आठवतो." मी तेव्हा पाणी प्यायचं निमित्त करून आत गेलो.

झोपलेल्या माणसाला शेंड्यावरचा कावळा दिसत नाही, नाना. तू जागा होतास.

ग्रीस भरणारा, तुझा धाकटा भाऊ
निंबा